वाळूतलं मैदान: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आम्ही मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्यावर, फ्लिक-आँ-फ्लाकजवळ राहतो. सार्वजनिक किनाऱ्यावर दर रविवारी बीच व्हॉलीबॉल खेळायचा आहे. मैदान कसं आखावं? मागच्या वेळी चौकोन तिरका झाला आणि जाळं मधोमध लोंबलं.

उत्तर: मैदान १६ बाय ८ मीटरचं, पट्ट्या या मापातच धरायच्या. चारही बाजूंना किमान ३ मीटर मोकळी जागा सोडायची, म्हणजे एकूण २२ बाय १४ मीटर लागतात. लांबी किनाऱ्याला समांतर ठेवा. तुमच्याकडे सूर्य समुद्रात मावळतो. मैदान आडवं आखलंत तर संध्याकाळी एका संघाच्या डोळ्यांत सतत ऊन.

चौकोन नजरेने काटकोनात येत नाही. दोरीने कर्ण मोजा: पूर्ण मैदानाचा १७.८९ मीटर, अर्ध्याचा ११.३१. दोन्ही कर्ण सारखे आले की मगच कोपरे पक्के करा. पट्ट्या ५ सेंटिमीटर रुंद घ्या, आणि प्रवाळाच्या पांढऱ्या वाळूवर गडद निळ्या. पांढऱ्या दिसतच नाहीत. कोपऱ्यांत लोखंडी खुंट्या अजिबात नकोत. लाकडी फळीचा तुकडा वाळूत खोल गाडून त्याला रबरी दोरीने पट्टी बांधा, म्हणजे पाय अडकला तरी ती सैल होते.

जागा भरतीरेषेच्या वर हवी. ओली वाळू दगडासारखी घट्ट बसते, उडी मारून उतरताना सगळा दणका गुडघ्यांना बसतो. सैल वाळूचा थर किमान ४० सेंटिमीटर असावा. तो हाताने उकरूनच बघा. पण सुरूच्या झाडांना फार चिकटू नका: मुळं वर आलेली असतात, आणि वाळूत दडलेली बोंडं अनवाणी तळव्याला चांगलीच टोचतात. खेळाआधी दाताळं फिरवाच. थर कमी पडला तर समुद्रातली वाळू आणून टाकायचा मोह नको. मॉरिशसमध्ये २००१पासून तिच्या उपशावर बंदी आहे. जागा बदला.

जाळं लोंबतं ते बहुधा खांब आत झुकल्यामुळे. खांब पट्टीपासून ७० सेंटिमीटर ते १ मीटर बाहेर रोवा. वाळूने भरलेली पोती खड्ड्यात पुरून त्यांना ताणदोर बांधा, दोरांना रंगीत फडकी लावा. (स्पर्धेत मात्र ताणाच्या तारा चालत नाहीत.) उंची मधोमध मोजायची: पुरुषांसाठी २.४३ मीटर, महिलांसाठी २.२४. कडेला २ सेंटिमीटरपर्यंत जास्त चालते. खांब कायमचे रोवायचे असतील तर आधी बीच ऑथॉरिटीला विचारा.

प्रश्न: हॉलमधला चेंडू चालेल का?

उत्तर: हात लाल करून घ्यायचे असतील तर. त्यात हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ०.३० ते ०.३२५ किलो असतो, किनाऱ्यावरच्या चेंडूत फक्त ०.१७५ ते ०.२२५. नुसती हवा कमी करूनही जमत नाही, कारण किनाऱ्यावरचा चेंडू किंचित मोठा असतो: घेर ६६ ते ६८ सेंटिमीटर. दाब सावलीत तपासा. उन्हात तापलेला चेंडू जास्त दाखवतो.

प्रश्न: बारा वर्षांखालच्या मुलांसाठी जाळं किती उंच?

उत्तर: २ मीटर.