बाळंतपणानंतर पोटाच्या स्नायूंमध्ये पडलेले अंतर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझ्या नैसर्गिक प्रसूतीला तीन महिने झाले. अंथरुणातून उठताना बेंबीच्या वर, पोटाच्या मधोमध उभा उंचवटा येतो आणि आडवे झाले की नाहीसा होतो. स्नायू वेगळे झाल्याचे हे लक्षण आहे का? घरच्या घरी तपासता येईल का?

उत्तर : तुम्ही जे वर्णन केले आहे त्यावरून तशी शक्यता बरीच आहे. पोटाच्या पुढच्या बाजूला फासळ्यांपासून ओटीपोटाखालच्या हाडापर्यंत दोन उभे स्नायू असतात आणि लिनिया आल्बा नावाचा तंतुमय पट्टा त्यांना मधोमध जोडून ठेवतो. गर्भाशय वाढते तसा हा पट्टा रुंद आणि पातळ होत जातो व दोन्ही स्नायू बाजूला सरकतात. गरोदरपणाच्या अखेरच्या आठवड्यांत हे जवळजवळ प्रत्येक स्त्रीच्या बाबतीत घडते, त्यामुळे याला इजा म्हणणे मला योग्य वाटत नाही. पट्टा फाटलेला नसतो, ताणला गेलेला असतो. नॉर्वेमध्ये पहिलटकरणींचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रसूतीनंतर ६ आठवड्यांनी ६० टक्के, ६ महिन्यांनी सुमारे ४५ टक्के आणि वर्षाने सुमारे ३३ टक्के स्त्रियांमध्ये असे अंतर आढळले. म्हणजे तिसऱ्या महिन्यात ते दिसणे ही मुळीच दुर्मीळ गोष्ट नाही.

तपासण्यासाठी उताणे झोपा, गुडघे वाकवून पावले टेकवा. एका हाताची बोटे पायांच्या दिशेने ठेवून त्यांची टोके बेंबीच्या किंचित वर, मध्यरेषेवर शेजारी-शेजारी टेकवा. श्वास सोडत डोके आणि खांदे जेमतेम उचला. दोन्ही बाजूंनी स्नायूंच्या कडा घट्ट होऊन बोटांकडे सरकलेल्या जाणवतील. त्या कडांमध्ये किती बोटे मावतात ते पाहा, मग बेंबीवर आणि बेंबीखालीही हेच करा. दोनपेक्षा जास्त बोटे मावत असतील तर स्नायूंमध्ये अंतर आहे असे साधारणपणे मानतात. मूल न झालेल्या स्त्रियांमध्येही बेंबीच्या ३ सेंटिमीटर वर २२ मिलिमीटरपर्यंतचे अंतर सामान्य समजले जाते, हेही लक्षात असू द्या.

परंतु बोटे मोजण्यापेक्षा मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. डोके उचललेले असताना बोटांखाली काय लागते? ताणलेल्या कापडासारखा विरोध जाणवतो, की बोटे मऊमऊ खोल जातात? अडीच बोटांचे अंतर असूनही मध्यरेषा ताण धरत असेल, तर ते पोट दीड बोटाच्या, पण ढिल्या मध्यरेषेच्या पोटापेक्षा अधिक समर्थ असू शकते. रोज अंतर मोजत बसल्याने चिंता तेवढी वाढते, महिन्यातून एकदा पाहिले तरी पुरे.

प्रश्न : नेमके कोणते व्यायाम करावेत, कोणत्या क्रमाने आणि किती? ठिकठिकाणी वेगवेगळ्या याद्या वाचून गोंधळ झाला आहे.

उत्तर : ठराविक यादी सर्वांना लागू पडत नाही, कारण प्रत्येकीच्या पोटाला आज किती भार पेलतो ते वेगळे असते. क्रमामागचे तत्त्व मात्र सोपे आहे. आधी श्वास, मग खोलवरच्या स्नायूंचे हलके आकुंचन, मग ते आकुंचन टिकवून हातापायांची हालचाल आणि शेवटी वजन.

प्रसूती गुंतागुंतीशिवाय झाली असेल तर श्वासाचा व्यायाम पहिल्या काही दिवसांतच सुरू करता येतो. गुडघे वाकवून उताणे झोपा आणि हात फासळ्यांच्या दोन्ही बाजूंना ठेवा. श्वास घेताना फासळ्या बाजूंना पसरू द्या, पोट सैल सोडा. तोंडाने सावकाश श्वास सोडताना लघवी रोखून धरल्यासारखे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू हळुवार वर ओढा. ते वर येताच बेंबीखालचा भाग आपोआप किंचित आत गेल्याचे जाणवेल. कमरेपाशी पोटाला वेढून असलेल्या आडव्या स्नायूचे हे काम आहे. येथे बहुतेकींची एक चूक होते. त्या पूर्ण जोर लावून पोट आत खेचतात आणि श्वास कोंडून धरतात. तसे केल्याने पोटातला दाब वाढतो आणि तो नेमका मध्यरेषेवर व खाली तळाच्या स्नायूंवर येतो. एकूण ताकदीच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच जोर लावा. आकुंचन धरून बोलता आले, तर ते योग्य आहे असे समजा.

हे जमू लागले की टाच सरकवण्याचा व्यायाम घ्या. त्याच स्थितीत श्वास सोडत हलके आकुंचन करा आणि एका पायाची टाच जमिनीवरून लांब सरकवत पाय सरळ करा. श्वास घेत पाय परत आणा, मग दुसरा पाय. या वेळी एक हात बेंबीवर आडवा असू द्या आणि नजर पोटाकडे ठेवा. पाय सरळ होत असताना तळहाताखाली उभा उंचवटा वर आल्यासारखा वाटला, किंवा कंबर जमिनीवरून उचलली गेली, तर तेवढा भार आज पेलत नाही असा त्याचा अर्थ होतो. मग पाय अर्ध्यापर्यंतच न्या. पोट सपाट राहत असेल तर ८ ते १० वेळा, असे दोन-तीन फेरे, आठवड्यातले बहुतेक दिवस करा. सलग काही दिवस हे सहज जमले की पुढची पायरी घ्यायची.

पुढच्या पायऱ्या थोडक्यात सांगते. वाकवलेला गुडघा बाजूला सावकाश उघडणे आणि मिटणे. पाठीवर झोपून नितंब उचलून सेतू करणे. हात आणि गुडघ्यांवर ओणवे होऊन एक पाय मागे लांबवणे, आणि ते जमल्यावर त्यासोबत विरुद्ध बाजूचा हात पुढे नेणे. उभे राहून भिंतीवर हात टेकवून दंड काढणे. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे. यानंतर गुडघे टेकवून केलेला प्लँक (पालथे होऊन कोपरांच्या आधारे शरीर सरळ रेषेत उचलून धरणे) आणि हातात वजन घेऊन केलेल्या बैठका. बऱ्याच जणी श्वासाच्या व टाचेच्या व्यायामापाशी महिनोन्महिने थांबून राहतात आणि पोट अजून कमकुवत असल्याची तक्रार करतात. हळूहळू भार वाढवल्याशिवाय कोणताही स्नायू बळकट होत नाही आणि पोटाचे स्नायू त्याला अपवाद नाहीत.

प्रश्न : डोके-खांदे उचलायचे व्यायाम आणि प्लँक आता आयुष्यभर बंद, असे मला सांगण्यात आले. मी पूर्वी नियमित व्यायाम करणारी आहे. हे खरे आहे का?

उत्तर : नाही. हा सल्ला अनेक वर्षे सरसकट दिला गेला आणि त्यामुळे पुष्कळ स्त्रियांच्या मनात स्वतःच्याच पोटाविषयी भीती बसली, याचे मला वाईट वाटते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित चाचणीत अंतर असलेल्या स्त्रियांनी १२ आठवडे डोके-खांदे उचलण्याचे व्यायाम केले. अंतर वाढले नाही, उलट पोटाच्या स्नायूंची ताकद वाढली. मात्र अंतर कमीही झाले नाही, हेही तितक्याच प्रामाणिकपणे सांगायला हवे. त्याआधी २०१६ मधील एका अभ्यासात दिसले होते की डोके उचलताना स्नायू एकमेकांजवळ येतात, पण मधला पट्टा सुरकुतल्यासारखा ढिला पडतो. आडव्या स्नायूचे आकुंचन आधी केले तर अंतर तितके कमी होत नाही, पण पट्टा ताठ राहतो आणि ताण एका बाजूकडून दुसरीकडे पोहोचवू शकतो.

या दोन्हींचा एकत्रित अर्थ मी असा लावते की कोणतीही हालचाल कायमची वर्ज्य नाही. पहिल्या काही आठवड्यांत, मध्यरेषा अजून मऊ असताना, झटक्याने उठून बसण्याचे व्यायाम टाळावेत. पुढे पोट उंचावत नसेल, श्वास मोकळा असेल आणि दुखत नसेल तर डोके-खांदे उचलण्यापासून सुरुवात करून पूर्ण प्लँकपर्यंत जायला हरकत नाही. धावायचे असल्यास प्रसूतीनंतर किमान १२ आठवडे थांबावे, अशी शिफारस ब्रिटनमधील फिजिओथेरपिस्टांनी २०१९ मध्ये केली आहे. तेव्हाही धावण्याआधी वेगाने चालणे, एका पायावर उभे राहणे आणि जागच्या जागी उड्या मारणे त्रासाविना जमले पाहिजे.

प्रश्न : पोटाला पट्टा बांधल्याने अंतर भरून येते का?

उत्तर : पट्ट्याने आधार मिळतो, अंतर मिटत नाही. पहिल्या काही आठवड्यांत उठता-बसताना आणि चालताना त्याने बरे वाटत असेल तर जरूर वापरा. झोपताना तो काढून ठेवावा. फार आवळलेला पट्टा पोटातला दाब खाली ढकलतो, त्यामुळे खाली जडपणा वाटू लागला किंवा श्वास आखडला तर तो सैल करा.

प्रश्न : माझे सिझेरियन झाले असून पाच आठवडे उलटले आहेत. टाक्यांच्या जागी बधिरपणा आहे. पोटाचे स्नायू कापले गेले असतील तर व्यायाम केव्हा सुरू करायचा?

उत्तर : सहसा सिझेरियनमध्ये उभे स्नायू कापत नाहीत, ते मध्यरेषेपाशी बाजूला सारतात. त्वचा, स्नायूंवरचे जाड आवरण आणि गर्भाशय यांना छेद दिला जातो. त्या आवरणाला भरून यायला वेळ लागतो, म्हणून भार वाढवताना घाई नको. पण संपूर्ण विश्रांतीही नको. थोडे थोडे चालणे आणि वर सांगितलेला श्वासाचा व्यायाम तुम्ही दुखणार नाही इतपत करू शकता. खोकला किंवा शिंक आली की उशी जखमेवर हलकेच दाबून धरा. उठताना आधी कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा आणि हातांच्या जोराने उठा. टाच सरकवण्यापासून पुढचे व्यायाम सहा आठवड्यांच्या तपासणीत डॉक्टरांनी संमती दिल्यावर सुरू करावेत.

बधिरपणा त्वचेतल्या बारीक नसांना छेद गेल्यामुळे येतो आणि तो बहुधा काही महिन्यांत कमी होतो. जखम पूर्ण भरली असेल, खपली किंवा ओलसरपणा नसेल, तर बोटांनी व्रणाभोवतीची त्वचा हळुवार वर-खाली आणि आडवी सरकवावी. पुष्कळ जणींना त्या जागेला हात लावायचीच भीती वाटते. अशा वेळी आधी मऊ कापडाने स्पर्श करून सवय करावी. व्रण लाल व गरम झाला, त्यातून पाणी आले किंवा ताप आला तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : पत्नीची प्रसूती होऊन चार महिने झाले. दिवसभर बाळाला उचलून तिची कंबर दुखते आणि खोकताना लघवीचे थेंब जातात, हे तिने मला अलीकडेच सांगितले. वेळ मिळत नसल्याने व्यायाम होत नाही. मी काय करू शकतो?

उत्तर : त्यांनी हे तुम्हाला सांगितले आणि तुम्ही विचारले, हे फार बरे झाले. थेंब जाणे पुष्कळ स्त्रियांच्या वाट्याला येते, पण म्हणून ते सहन करत राहण्याचे कारण नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि पोटाचा आडवा स्नायू एकत्र काम करतात, म्हणून दोन्हींचे व्यायाम सोबतच शिकावे लागतात. काही स्त्रियांमध्ये मात्र तळाचे स्नायू ढिले नसून सतत आवळलेले असतात आणि त्यांना आधी सैल करणे शिकायचे असते. त्यामुळे या विषयातील फिजिओथेरपिस्टकडून एकदा प्रत्यक्ष तपासणी करून घ्यावी. खाली काही उतरल्यासारखे वाटत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांनाही दाखवावे.

कंबरदुखीचे खापर मात्र लगेच पोटावर फोडू नका. वर उल्लेख केलेल्या नॉर्वेतील अभ्यासात अंतर असलेल्या स्त्रियांमध्ये कंबरदुखी जास्त आढळली नव्हती. बाळाला उचलण्याची पद्धत, दूध पाजताना पाठीला नसलेला आधार आणि झोपेची वानवा ही कारणे आधी तपासावीत. उचलताना बाळ छातीजवळ घ्यावे, गुडघे वाकवावेत आणि उचलण्याच्या क्षणी श्वास सोडावा. शौचाला कुंथावे लागत असेल तर पावलांखाली छोटे स्टूल ठेवावे, कारण कुंथण्याचा ताणही याच स्नायूंवर येतो. वेळेचे म्हणाल तर व्यायाम सलग अर्धा तास व्हायलाच हवा असे नाही, पाच-पाच मिनिटांचे तुकडेही चालतात. त्या पाच मिनिटांत बाळ तुमच्याकडे असले पाहिजे, आणि रात्रीची एक तरी जाग तुम्ही स्वतःकडे घ्यावी असे मी सुचवेन.

प्रश्न : माझे मूल सहा वर्षांचे आहे आणि अंतर अजून तीन बोटे आहे. आता उशीर झाला का? शस्त्रक्रिया करावी का?

उत्तर : स्नायू बळकट करायला उशीर झालेला नाही. तंतुमय पट्टा इतक्या वर्षांनी पुष्कळ आक्रसेल अशी अपेक्षा मी तुम्हाला दाखवणार नाही, कारण आपोआप होणारी सुधारणा मुख्यतः पहिल्या दोन महिन्यांत होते. तरीही सहा महिने पद्धतशीरपणे भार वाढवत व्यायाम केला, तर जड वस्तू उचलणे, जिने चढणे, बराच वेळ उभे राहणे यांत फरक जाणवण्याची चांगली शक्यता आहे. एवढे करूनही कामे अडत असतील किंवा पोटाचा आकार मनाला सतत खुपत असेल, तर मधला पट्टा टाक्यांनी दुमडून स्नायू जवळ आणण्याची शस्त्रक्रिया हा रास्त पर्याय आहे आणि तो निवडण्यात कमीपणा नाही. पुढे मूल हवे असेल तर ती आता करू नये, नव्या गरोदरपणात ती दुरुस्ती पुन्हा ताणली जाते.

शस्त्रक्रियेचा विचार करण्याआधी हर्निया नाही ना, याची खात्री सोनोग्राफीने करून घ्या. अंतरामुळे येणारा उंचवटा लांबट, पसरट असतो आणि दुखत नाही. बेंबीपाशी गोल, स्पष्ट कडांची गाठ लागत असेल तर सर्जनना दाखवा. ती गाठ घट्ट व दुखरी झाली, आत जाईनाशी झाली, तिच्यावरची त्वचा लाल किंवा काळसर दिसू लागली किंवा सोबत उलट्या होऊ लागल्या, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठा.