वाचकांचे प्रश्न : प्रोटिस्ट, गवताचे पाणी आणि द्राक्षावरचा डाऊनी

प्रश्न : प्रोटिस्ट म्हणजे नेमके कोण? शाळेच्या पुस्तकात अमीबा आणि शैवाल एकाच गटात कसे? (एक पालक, नाशिकरोड)

उत्तर : पेशीत पटलाने वेढलेले केंद्रक आहे, पण प्राणी, वनस्पती, बुरशी यांपैकी कशातच बसत नाही, अशा सगळ्यांना मिळून प्रोटिस्ट म्हणतात. हेकेल यांनी १८६६ मध्ये हा गट मांडला. आता जनुकांच्या अभ्यासातून दिसते, की यातले काही जीव एकमेकांपेक्षा प्राण्यांना जास्त जवळचे आहेत. म्हणजे हे एक कुटुंब नाही. तरीही ओळख करून घ्यायला अन्न मिळवण्याच्या पद्धतीवरून केलेले तीन भाग सोयीचे पडतात. अमीबा, पॅरामेशियम, हिवतापाचा प्लास्मोडियम हे प्राण्यांसारखे, आयते अन्न घेणारे. डायटम आणि बरीच शैवाले वनस्पतींसारखी, उजेडात अन्न बनवणारी. तिसरे बुरशीसारखे, त्यांच्याविषयी शेवटच्या उत्तरात. युग्लीना मात्र उजेडात अन्न तयार करते आणि अंधारात बाहेरून घेते, त्यामुळे तिला एका खणात कोंबू नये.

प्रश्न : शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पॅरामेशियम कसा दाखवावा? नदीचे पाणी थेट पाहिले, काहीच दिसले नाही. (एक शिक्षिका, सिन्नर)

उत्तर : वाहत्या पाण्याच्या एका थेंबात तो क्वचितच सापडतो, म्हणून आधी त्याची संख्या वाढवावी लागते. मूठभर वाळलेले गवत अर्धा लिटर पाण्यात दहा मिनिटे उकळा. नळाचे पाणी घेणार असाल, तर क्लोरीन जाण्यासाठी ते आदल्या दिवशी उघडे ठेवा. उकळलेले पाणी निवल्यावर दोन दिवस तसेच राहू द्या. त्यात वाढणारे जीवाणू हेच पॅरामेशियमचे खाद्य. मग गोदेच्या संथ काठावरचे, कुजक्या पानांजवळचे दोन-तीन चमचे पाणी घाला. बरणीवर फडके बांधा आणि आठवडाभर सावलीत ठेवा. झाकण घट्ट लावले किंवा गवत जास्त झाले, की प्राणवायू संपतो, पाण्याला घाण वास येतो आणि सारे मरते. असे पाणी टाकून नव्याने सुरू करा.

थेंब तवंगाच्या लगेच खालून घ्या. पॅरामेशियम जेमतेम पाव मिलिमीटर लांब, पण भलताच चपळ. काचपट्टीवर कापसाचे चार धागे ठेवले, की तो त्यांत अडकून हळू होतो. १०० पट मोठे करून पाहा. अंगावरचे केसल (केसांसारखे बारीक धागे) थरथरताना दिसतात आणि नीट लक्ष दिले तर संकोची रिक्तिका (पेशीतली पाण्याची पिशवी) फुगते, मिटते, पुन्हा फुगते. आत शिरणारे जादा पाणी ती सतत बाहेर टाकत असते. मुलांना हेच आवर्जून दाखवा.

प्रश्न : द्राक्षावरच्या भुरी रोगावर चालणाऱ्या हेक्झाकोनॅझोल या बुरशीनाशकाने डाऊनी (केवडा) रोग का आटोक्यात येत नाही? (एक द्राक्ष बागायतदार, दिंडोरी)

उत्तर : कारण डाऊनी बुरशी नाहीच, तो बुरशीसारखा दिसणारा प्रोटिस्ट आहे. भुरी ही खरी बुरशी. हेक्झाकोनॅझोल बुरशीच्या पेशीतल्या अर्गोस्टेरॉल या पटलाला लागणाऱ्या घटकाची निर्मिती रोखते. डाऊनीचा जीव अर्गोस्टेरॉल बनवतच नाही, मग औषध अडवणार काय? त्याची पेशीभित्तिकाही प्रामुख्याने सेल्युलोजची असते. ओल्या पानावर त्याचे बीजाणू दोन कशाभिकांच्या (चाबकासारख्या शेपट्यांच्या) जोरावर पोहत पर्णरंध्रांपर्यंत जातात. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस किंवा रात्रभर दव पडले, की म्हणूनच तो भडकतो. रंध्रे पानाच्या खालच्या बाजूला असतात. फवारा तिथे पोहोचला नाही, तर खर्च वाया.

रोग येण्याआधीच्या संरक्षणाला मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण उत्तम. एक टक्क्यासाठी एक किलो मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) ५० लिटर पाण्यात, एक किलो चुना दुसऱ्या ५० लिटरमध्ये विरघळवा. मोरचुदासाठी प्लॅस्टिकचेच पिंप घ्या. दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतत ढवळा. लोखंडी खिळा बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर आला तर मोकळे तांबे उरले आहे, त्याने पाने करपतील; आणखी चुन्याची निवळी घाला. कोवळ्या फुटीवर एक टक्का झेपत नाही, तिथे प्रमाण कमी ठेवा. मिश्रण त्याच दिवशी संपवा. शिळे झाले की साका बसतो, नोझल तुंबते आणि औषध पानाला धरत नाही.