घोड्याची डिस्क सरकली आहे हे नक्की कसं ओळखायचं? एमआरआय करावा लागतो का?

एमआरआय आधी डोक्यातून काढा. मोठ्या घोड्याची पाठ त्या बोगद्यात मावतच नाही. आणि माणसाची डिस्क घोड्याला चिकटवू नका. डिस्क म्हणजे दोन मणक्यांमधली चकती. आपल्या चकतीत मऊ गर असतो, घोड्याची पातळ आणि चिवट. सरकायचं प्रमाण फार कमी.

एवढ्या तावाने लिहितोय कारण आमचे थोरले काका. सोलापुरात आमचे पूर्वी टांगे होते, आता वरातीच्या घोड्या आहेत. एका वर्षी तुळशीचं लग्न झालं, लग्नाच्या तारखा लागल्या आणि नेमकी पांढरी घोडी मागून झोलायला लागली. खूर फरशीवर घासायचे. काकांना स्वतःला सायटिका, कमरेला पट्टा. बघताक्षणी म्हणाले, "डिस्क गेली, माझ्यासारखीच." मी डॉक्टर घेऊन येईपर्यंत लोखंड तापवून कमरेवर दोन डाग देऊनही झाले होते!

डॉक्टरांनी डाग सोडून पाठभर बोटं दाबत नेली. घोडीने कानसुद्धा पाडले नाहीत. मग चालती ठेवून शेपूट बाजूला ओढली, तर एवढं धूड एका हाताने कलंडलं. आखूड गोल फिरवलं, मागचे पाय एकमेकांत. म्हणाले, "हे दुखणं नाही, ताकद गेलीय. कुमरी असेल नाहीतर सर्रा." कुमरी म्हणजे कमरेचा लुळेपणा, सर्रा म्हणजे रक्तातल्या जंतूंचा आजार. पोटाखाली सूज होती, ताप येऊन-जाऊन. ताप चढला तेव्हा रक्त घेतलं आणि काचपट्टीवर सर्राचे जंतू दिसले. इंजेक्शनांनी घोडी उभी राहिली.

काका अजून चारचौघांत सांगतात, डागानेच बरी झाली. शेजारच्या गोठ्यात म्हशी त्यांच्याच. म्हशीच्या अंगात सर्रा गुपचूप राहतो, चावऱ्या माशा तो घोड्यात नेतात, हे काढलं की ते उठून जातात. डागांवर केस आलेच नाहीत. वरातीत आम्ही झूल पुढे ओढून झाकतो.

हां, डिस्क बिघडतच नाही असं नाही. मानेच्या खालच्या टोकाला बिघडते, कंबर मागच्या पुठ्ठ्याला मिळते तिथेही. मानेचा एक्स-रे निघतो, कमरेची सोनोग्राफी गुदद्वारातून. दाबल्यावर पाठ चोरत असेल तर मणक्यांचे वरचे काटे एकमेकांना घासत असण्याची शक्यता जास्त, आणि त्याआधी खोगीर बघा. रक्तात एकदा काही दिसलं नाही म्हणून सोडू नका, पुन्हा तापात घ्या.

तुमच्या घोड्याचा ताप मोजलात का? आणि शेजारी म्हशी कुणाच्या?