यादी टांगून भागत नाही

प्रश्न : ताई, मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात देवघेव काउंटरवर बसते. मुक्त शैक्षणिक संसाधनांसाठी (म्हणजे मोफत आणि खुल्या परवान्याची पुस्तकं, टिपणं वगैरे) ग्रंथालयाने पुढाकार घ्यावा, असं वरून सांगणं आलं. मी शंभरेक दुवे जमवून संकेतस्थळावर यादी टाकली. दोन महिने झाले, एकाही प्राध्यापकाने विचारलं नाही. मी शिकवत नाही, पुस्तकं लिहीत नाही. मग आणखी काय करू?

उत्तर : अहो, माझी यादी तुमच्या तिप्पट होती! वर्षभराने उघडली, तर कितीतरी दुवे बंद पडलेले. मजा म्हणजे त्याची तक्रारसुद्धा कुणी केली नव्हती.

माझं गाडं हललं ते संख्याशास्त्राच्या एका बाईंमुळे. त्या अभ्यासक्रमाची घडी घातलेली प्रत घेऊन आल्या. ‘अख्खं पुस्तक नको, संभाव्यतेचा हा एवढा घटक मिळेल का बघा,’ म्हणाल्या. आम्ही मिनेसोटा विद्यापीठाची ओपन टेक्स्टबुक लायब्ररी, म्हणजे मुक्त पाठ्यपुस्तकांचं संकेतस्थळ, उघडली. तिथे पुस्तकांवर शिकवणाऱ्यांनी लिहिलेले अभिप्राय असतात, ते आधी वाचले. मग राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स या मुक्त पाठ्यपुस्तकांच्या प्रकल्पाचं एक पुस्तक घेतलं आणि त्याची अनुक्रमणिका अभ्यासक्रमाशेजारी ठेवून पेन्सिलीने खुणा केल्या. चारपैकी तीन मुद्दे जुळले. चौथा बाईंनी स्वतः लिहिला. प्रकरण चांगलं की वाईट हे मी ठरवलं नाही, ते त्यांचं काम. शोधायचं, जुळवायचं आणि परवाना वाचायचा, एवढं माझं.

तुम्ही काउंटरवर बसता, म्हणजे तुमच्याकडे प्राध्यापकांकडेही नसलेली माहिती आहे. कुठल्या क्रमिक पुस्तकासाठी नंबर लागतात, कुठल्या प्रतीची पानं सुटली आहेत, परीक्षेच्या तोंडावर कोण रिकाम्या हाताने परत जातं, हे तुम्हाला तोंडपाठ असेल. त्यातलं एकच पुस्तक निवडा आणि तो विषय शिकवणाऱ्यांना गाठा. (ज्यांचं स्वतःचंच पुस्तक नेमलेलं आहे, त्यांच्यापासून सुरुवात करू नका.)

आता परवान्याकडे वळते, कारण खरी मेख तिथे आहे. मोफत मिळालं म्हणजे मुक्त झालं, असं नाही. युनेस्कोच्या २०१९च्या शिफारशीत मुक्त संसाधन म्हणजे विनाशुल्क मिळणारं तर आहेच, शिवाय ते पुन्हा वापरायची, बदलायची आणि वाटायची मुभाही हवी. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यात (लेखक वापराची मुभा आधीच देऊन ठेवतो, असे हे तयार परवाने) ‘एनडी’ ही अक्षरं दिसली, तर तुम्ही केलेला बदल वाटता येत नाही. भाषांतर हाही बदलच. नुसतं ‘सीसी बाय’ (सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स) असेल, तर मूळ लेखकाचं श्रेय द्या, बदल केला असेल तर तसं नोंदवा आणि बिनधास्त वापरा.

यात मी एकदा चांगली तोंडघशी पडले आहे. एका प्राध्यापकांना मी विकिपीडियाचा मजकूर आणि एमआयटी ओपनकोर्सवेअरच्या (एमआयटी विद्यापीठाने ऑनलाइन खुलं केलेलं अभ्याससाहित्य) टिपणांतले परिच्छेद एकत्र विणून छान पुस्तिका करून दिली. दोन्हीकडे श्रेय दिलं होतं, म्हणून मी खुशीत. परवान्याची ओळ सहकाऱ्याने वाचली. विकिपीडियाचा ‘बाय-एसए’ म्हणतो, बदललेलं काम याच अटींवर वाटा, म्हणजे व्यावसायिक वापरही खुला राहिला पाहिजे. एमआयटीचा ‘बाय-एनसी-एसए’ (एनसी म्हणजे नॉन-कमर्शियल) व्यावसायिक वापराला नाही म्हणतो आणि तोही आपल्याच अटींचा आग्रह धरतो. एकाच मजकुरात दोघांचं समाधान होणं अशक्य. पुस्तिका उसवावी लागली. दोन्ही भाग वेगळे ठेवले, ज्याचा त्याचा परवाना ज्याच्या त्याच्या खाली लिहिला आणि सुटलो. तेव्हापासून मजकूर उचलतानाच शीर्षक, लेखक, स्रोत, परवाना या चार गोष्टी वहीत टिपते. नंतर शोधायला बसलं की डोकं फिरतं.

सापडलेलं पुस्तक यादीत नको, ग्रंथालयाच्या तालिकेत (कॅटलॉगमध्ये) हवं. मार्क नोंदीत (तालिकेतल्या पुस्तकाच्या संगणकीय नोंदीत) ८५६ क्रमांकाच्या रकान्यात दुवा, ५४० मध्ये वापराच्या अटी. विद्यार्थी छापील पुस्तक शोधायला येतो, त्याच शोधात त्याला हेही दिसलं पाहिजे. आणि परवाना मुभा देत असेल, तर फाइलची एक प्रत संस्थेच्या डीस्पेसवर किंवा जे डिजिटल भांडार असेल तिथे ठेवा. माझे बंद पडलेले दुवे आठवा.

छापील प्रतीच्या आतल्या पुठ्ठ्यावर, तारखांच्या चिठ्ठीशेजारी, मुक्त पर्यायाचा क्यूआर कोडही चिकटवा. नंबर लागलेला मुलगा तुमच्यासमोरच उभा असतो, त्याला तिथल्या तिथे दाखवता येतं.

कुठलं पुस्तक निवडलंत ते कळवा. परवान्यात अडलात, तर ती ओळ जशीच्या तशी उतरवून पाठवा. ‘एनसी’वर माझं आणि त्या सहकाऱ्याचं अजून वाजतं, तेव्हा उत्तरं दोन येतील.