कागद सगळ्यांना, निरोप एकालाच

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

तुझ्या आईचा फोन आला होता. म्हणाली, "त्याला तिकडचं सगळं नीट समजावून सांग." आता सगळं मलाही कळलेलं नाही, एकोणीस वर्षं झाली तरी. पण तू टोकियोत निशी-कासाईला घर बघतो आहेस, म्हणजे माझ्याच पेठेत येतो आहेस, तेव्हा आधीच लिहिलेलं बरं.

माझ्या पहिल्या वर्षीची गोष्ट. रात्री साडेदहाला ऑफिसातून आले की कुकर लावायचा आणि शिट्ट्या होईस्तोवर पुण्याला फोन, तोही स्पीकरवर. दोन महिने कोणी हूं की चूं केलं नाही. काय भले शेजारी मिळाले, असं मी घरी सांगतही होते. मग एक दिवस टपालपेटीत इमारत सांभाळणाऱ्या कंपनीचा कागद आला, 'सर्व रहिवाशांना नम्र विनंती' असा. रात्री दहानंतर बोलण्याचा आणि भांड्यांचा आवाज होणार नाही याची काळजी घ्यावी. मी मनात म्हटलं, कोण बाई एवढा दंगा करतंय! दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या जपानी मैत्रिणीला तो दाखवला. ती वाचून जरा वेळ गप्प बसली आणि मग हळूच म्हणाली, "तुमच्या मजल्यावर आणखी कोण राहतं?" तेव्हा माझी ट्यूब पेटली. कागद सगळ्या इमारतीत वाटला होता, निरोप मला एकटीला होता.

आपल्याकडे खालच्या काकू दार वाजवून "अगं, जरा हळू" म्हणतात, भांडण होतं आणि संध्याकाळी वाटीभर भाजी येते. इथे दार वाजत नाही. म्हणून कोणी काही बोललं नाही म्हणजे चालतंय, असं कधी धरू नकोस. 'चोत्तो...' (म्हणजे 'जरा...') म्हणून समोरचा वाक्य अर्धवट सोडून देतो ना, ते वाक्य तिथेच संपलेलं असतं. त्याचा अर्थ 'नाही'. ऑफिसात 'विचार करून बघतो' म्हणाले तर बहुतेक वेळा तेही नाहीच.

कचऱ्याचंही तसंच. जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा नेतात. प्लॅस्टिक, बाटल्या, डबे, कागद यांचे वार वेगळे. सकाळी आठच्या आत ठेवायचा, आदल्या रात्री नाही. कावळे पिशव्या फोडतात म्हणून वर जाळी ओढायची. चुकीच्या वारी ठेवलीस तर बाकीच्या पिशव्या जातात आणि तुझी एकटीच दिवसभर, वर स्टिकर मिरवत, तिथे बसून राहते. ते स्टिकर कोणी रागाने लावलेलं नसतं, पण माझा तर चेहराच उतरला होता. पुऱ्या तळल्यावर उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नकोस. ते गोठवायची पावडर मिळते, नाहीतर जुन्या कागदात टिपून जळणाऱ्या कचऱ्यात टाक. गादी किंवा कपाट टाकायचं असेल तर आधी फोन करून वेळ घ्यायची आणि दुकानातून पैसे देऊन तिकीट आणून चिकटवायचं. हो, टाकायचेही पैसे.

घराबद्दल थोडं. खासगी घरमालक अनामत तर मागतातच, वर 'रेइकिन' मागतात. ती घर दिल्याबद्दलची भेट, परत मिळत नाही. शिवाय जामीन राहणारं कोणी लागतं आणि परदेशी माणसाला नाही म्हणणारे मालक अजूनही आहेत. यूआर या सरकारी घरसंस्थेच्या वसाहतींत रेइकिनही नाही आणि जामीनही नाही. 2000च्या सुमारास संगणकाच्या कामासाठी आलेले आपले लोक इथे वसले, त्याचं हेही एक कारण. (2019मध्ये आपल्या योगेंद्र पुराणिकांना निशी-कासाई ज्यात येतं त्या एदोगावा वॉर्डाने सभागृहात निवडून दिलं, हे तुझ्या बाबांना सांग, खूश होतील.) चावी हातात आली की सामान लावायच्या आधी भिंती, फरशी, गॅसची जागा यांचे फोटो काढून ठेव. घर सोडताना फोडणीचा तेलकटपणा आणि उदबत्तीची काजळी दोन्ही अनामतीतून वजा होतात.

राहायला गेल्यापासून चौदा दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदव. रेसिडेन्स कार्ड कायम खिशात हवं, कोपऱ्यावरून दूध आणायला जातानाही. आणि पहिल्या वर्षीचा हातात येणारा पगार बघून घरी आकडा सांगू नकोस. रहिवासी कर आदल्या वर्षीच्या कमाईवर लागतो आणि जूनपासून कापायला लागतात. नवख्याला तो पहिल्या वर्षी बहुधा नसतोच, मग एकदम येतो आणि माणूस पगाराची स्लिप उलटीसुलटी करून बघतो.

लोकलमध्ये सॅक पुढे घ्यायची, फोनवर बोलायचं नाही, सरकत्या जिन्यावर डावीकडे उभं राहायचं. (ओसाकाला गेलास तर उजवीकडे.) तोझाई लाइनची जलद गाडी आपल्या स्टेशनावर थांबत नाही, ती पकडलीस तर थेट तोयोचो नाहीतर उरायासुला उतरशील. प्रत्येक जण एकदा उतरतो.

तू शाकाहारी आहेस, म्हणून हे नीट वाच. 'मांस नको' म्हटलंस तर मासा येतो. मासाही नको म्हटलंस तरी मिसो सूप येतं आणि त्यातल्या 'दाशी'त, म्हणजे सूपाच्या मूळ पाण्यात, वाळवलेल्या माशाचा अर्क असतो. वाढणाऱ्याची त्यात काही लबाडी नाही, त्याच्या लेखी ते नुसतं पाणी. तेव्हा 'दाशीसुद्धा नको' हे जपानीत पाठ करूनच ये.

एक गोष्ट मात्र इथे सरळ तोंडावर सांगितली जाते. आपला वॉर्ड आराकावा आणि एदोगावा नद्यांच्या मध्ये आहे आणि बराचसा भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली. 2019 साली वॉर्डाने पुराचा नकाशा घरोघर वाटला, त्याच्या मुखपृष्ठावरच लिहिलं होतं, 'इथे थांबून चालणार नाही'. मोठा पूर येणार असला तर वॉर्डच सोडून जा, असा त्याचा अर्थ. एवढ्या आडवळणाने बोलणाऱ्या लोकांनी हे छापलं, तेव्हा मी त्याच रात्री पिशवी भरून दाराशी ठेवली. पाणी, बॅटरी, पासपोर्ट, औषधं आणि मेतकूट. तूही भर. संध्याकाळी भोंग्यावर सुरावट वाजली तर घाबरू नकोस, ते आपत्तीच्या भोंग्यांचं रोजचं तपासणं असतं.

राहायला आलास की दोन्ही बाजूंच्या आणि खालच्या घरी टॉवेल किंवा बिस्किटांचा छोटा पुडा घेऊन जा, नाव सांग, वाक. हल्ली इथली तरुण मुलं हे फारसं करत नाहीत, पण तू कर. आधी तोंडओळख असली तर कागदाऐवजी एखादे वेळी दारही वाजेल.

ताजा कढीपत्ता बॅगेत घालू नकोस, विमानतळावर काढून घेतील. बाकरवडी चालते. ती शेजाऱ्यांना नाही, मला.

तुझी,
मावशी