चिप्सचा नवा फ्लेवर चाखून गुण द्यायचे तर
गड्या, पाकिटं आधी लपव. चिप्स वाटीत काढून दे, नाहीतर नाव वाचूनच पोरं ‘लई भारी’ म्हणून मोकळी होतात. सुरुवात साध्या मिठाच्या चिप्सनं, झणझणीत मिरचीचा पेरी-पेरी सगळ्यात शेवटी. एकदा जीभ पोळली की पुढचं सगळं सारखंच लागतं. तिखट झालं तर पाणी नको. मिरचीला तिखट करणारं कॅप्सेसिन पाण्यात नीट विरघळत नाही, उलट तोंडभर पसरतं. ताक ठेव, परभणीच्या उन्हात तसंही लागतंच. मधे कोरडे मुरमुरे चघळायचे. बोटाला चिकटलेला मसाला वेगळा चाटून बघ. नुसताच आंबट लागला तर बहुतेक सायट्रिक ॲसिड, लिंबू फक्त चित्रात. मागच्या बारीक अक्षरांत ६२७, ६३१ हे आकडे दिसले तर ते चव वाढवणारे पदार्थ. आणि पाकीट ऐनवेळी फोड, मऊ पडलेल्या चिप्सला गुण कसले देणार?