कपाटाच्या दारांना कोणती काच लावावी?

प्रश्न : स्वयंपाकघरात ओट्यावरच्या भिंतीवरील चार कपाटे आम्ही नव्याने करून घेत आहोत आणि त्यांपैकी दोन दारांना नक्षीदार काच लावायची आहे. आतील भांडी थोडीफार दिसावीत, पसारा मात्र दिसू नये आणि पुसायलाही सोपे जावे, अशी काच कोणती? एक कपाट शेगडीच्या अगदी शेजारी आहे. तेथे काच चालेल का?

उत्तर : काचेची नक्षी पसंत करण्यापूर्वी त्या दाराआड काय ठेवणार आहात, ते आधी ठरवावे. नमुना दुकानात उजेडासमोर धरून पाहिला, तर कोणतीही काच सुंदरच दिसते. त्याऐवजी नमुन्याच्या मागे एखादा पेला अगदी चिकटवून धरावा आणि हळूहळू मागे न्यावा. फ्रॉस्टेड, म्हणजे खरबरीत करून धुरकट केलेल्या काचेला टेकलेली वस्तू बऱ्यापैकी स्पष्ट दिसते आणि चार बोटे मागे सरकली, की तिचा नुसता रंग उरतो. उभ्या रेघांच्या फ्लूटेड काचेतही वस्तूचे रूप अंतरानुसार असेच बदलते. म्हणून आतील फळी काचेपासून थोडी मागे ठेवायला सुताराला सांगितले, तर साध्या नक्षीनेही पसारा झाकला जातो.

पुसण्याच्या दृष्टीने फ्रॉस्टेड काचेचे दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. वाळूच्या माऱ्याने खरबरीत केलेल्या काचेवर तेलकट बोट लागले, की तेल सूक्ष्म खळग्यांत भरते आणि तेवढाच ठिपका पारदर्शक होऊन उठून दिसतो. काचेवर चिकटपट्टी दाबून पाहिली, तर हाच परिणाम लगेच कळतो. आम्लाने कोरलेली काच हाताला मऊ लागते आणि डाग त्या मानाने कमी धरते. कोणतीही एका बाजूने खरबरीत किंवा नक्षीदार असलेली काच बसवताना ती बाजू आत आणि गुळगुळीत बाजू बाहेर ठेवावी. (जाहिरातींतील छायाचित्रांवर विसंबू नये, तेथे कोणाच्याच बोटांना तेल लागलेले नसते.) आपल्या गरजेला मला फ्लूटेड काच अधिक योग्य वाटते, मात्र शेजारशेजारच्या दारांवर रेघा एकाच दिशेने याव्यात, हे मागणीच्या कागदावर चित्र काढूनच लिहून द्यावे.

शेगडीशेजारच्या दारासाठी टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून झपाट्याने थंड करून मजबूत केलेली काचच घ्यावी. साधी काच एकाच वेळी एकीकडे तापली आणि दुसरीकडे थंड राहिली, तर तडकू शकते. टफन्ड काच हा फरक कितीतरी अधिक सोसते आणि फुटलीच, तर तिचे सुऱ्यासारखे तुकडे न होता बोथट दाणे होतात. मात्र भट्टीतून निघाल्यावर ती कापता येत नाही आणि तिला भोकही पाडता येत नाही. त्यामुळे मुठीची व बिजागरीची भोके धरून सर्व मापे चौकट तयार झाल्यावर, प्रत्येक दाराची स्वतंत्रपणे घ्यावीत. खूप खोल नक्षीची काच टफन्ड करता येईल का, हेही आधीच विचारावे. ४ मिमी जाडीच्या काचेचे वजन चौरस मीटरला सुमारे १० किलो भरते. म्हणजे ४० बाय ७० सेंमीच्या दारात नुसती काचच पावणेतीन किलोंच्या वर जाते. बिजागऱ्या या हिशेबाने निवडाव्यात.

प्रश्न : जुन्या खिडकीतील, शिशाच्या पट्ट्यांत जडवलेली रंगीत काच कपाटाच्या दाराला वापरता येईल का?

उत्तर : येईल, परंतु शिसे मऊ असते आणि दार रोज आपटले, की पट्ट्या हळूहळू वाकतात व तुकडे खुळखुळू लागतात. म्हणून दार अलगद मिटवणाऱ्या बिजागऱ्या लावाव्यात आणि आतील बाजूस साध्या टफन्ड काचेचा थर द्यावा, म्हणजे भांड्यांचा शिशाशी संबंध येणार नाही.